छत्तीसचा आकडा त्रेसष्ट होतो तेव्हा : वैऱ्याच्या प्रेमात पडणाऱ्या फँटसी कादंबऱ्या का धरून ठेवतात?

साळुंकी

काल रात्री पावणेतीनला एक कादंबरी संपवली आणि पुस्तक मिटायच्या ऐवजी मागे जाऊन एक पान तिसऱ्यांदा वाचलं. तेव्हापासून कुणाशी तरी बोलायचंय, म्हणून हा चर्चेचा धागा.

पुस्तकाचं नाव मुद्दाम देत नाही. ज्यांनी अजून वाचलं नसेल त्यांचा रसभंग नको. इंग्रजी फँटसी आहे, हल्ली ज्याला 'रोमँटसी' (रोमान्स अधिक फँटसी) म्हणतात त्यातली, आणि जातकुळी 'एनिमीज टू लव्हर्स'. म्हणजे आधी हाडवैर, मग प्रेम. दोन राज्यं, तीन पिढ्या चाललेलं युद्ध. ती एका बाजूची हेर, तो दुसऱ्या बाजूचा सेनापती. पहिल्याच प्रकरणात ती त्याला मारायला जाते आणि थोडक्यात चुकते.

ते पान असं : हिमवादळात दोघं एका पडक्या गढीत अडकलेत. त्याच्या खांद्यात बाण रुतलाय. बाण तिच्याच लोकांचा. पिसं बांधायची पद्धत बघून तो कुणी बनवला हेसुद्धा तिला कळतं. बाण काढला नाही तर हा माणूस सकाळ बघणार नाही, आणि हा मेला तर युद्ध संपेल. ती बराच वेळ नुसती बसून राहते. मग उजव्या हातानं जखम दाबून धरते आणि डाव्या हातात सुरी घेते. तो डोळे मिटूनच म्हणतो, "सुरी उजव्या हातात घे. डाव्यानं तुझा वार उथळ जातो."

एवढंच. पुढचं वाक्य थेट बाणाबद्दल आहे. पण त्याच्या बरगडीवर तिच्या डाव्या हाताच्या वाराचा व्रण आहे, हे आपल्याला दीडशे पानांपूर्वी कळलेलं असतं. तिचा डावा हात कच्चा आहे हे तिच्या सख्ख्या भावालाही माहीत नसेल. ह्याला माहीत आहे, कारण दोन वर्षं तो तिला मारायचं कसं याचाच विचार करत होता.

दोन गोड स्वभावाच्या माणसांचं प्रेम वाचताना माझं असं कधी होत नाही. आवडतं, पण रात्री पावणेतीनपर्यंत जागवत नाही. असं का होतं? तुम्हाला हा प्रकार आवडतो का? आवडत नसेल तर नेमकं काय खटकतं?

मोरपीस

+१, आणि वाचनखूण साठवली आहे!

मला तर यातली भांडणंच सगळ्यात जास्त आवडतात. समोरच्याला शब्दानं घायाळ करायचं तर त्याचा प्रत्येक शब्द आधी नीट ऐकावा लागतो. प्रेमात पडलेली जोडपी गोष्टीत एकमेकांचं इतकं लक्षपूर्वक क्वचितच ऐकतात. शंभर पानांपूर्वी तिनं रागात म्हटलेलं एखादं वाक्य तो जसंच्या तसं परत म्हणतो, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. याने ते इतके दिवस जपून ठेवलं होतं तर!

उत्तररात्र

मी उलट बाजूनं लिहितो. धागाकर्तीचा उत्साह मोडायचा हेतू नाही, पण हा प्रश्न मला खरंच सतावतो.

माझी पुतणी सोळा वर्षांची आहे. तिच्या आग्रहावरून या प्रकारातली चार पुस्तकं वाचली. चारांपैकी तीन पुस्तकांत नायक नायिकेला कोंडून ठेवतो, धमकावतो, चारचौघांत तिचा पाणउतारा करतो. मग अडीचशेव्या पानावर त्याच्या बालपणाची एक करुण कहाणी येते आणि सगळं माफ. गावं जाळलेला माणूस, पण डोळे गहिरे आणि खांदे रुंद, म्हणून त्याच्या अंतरंगात डोकवायचं. हाच माणूस दिसायला सामान्य असता तर लेखिकेनं त्याला तिसऱ्या प्रकरणात मारून टाकला असता.

'तो तुझ्याशी वाईट वागतो म्हणजे त्याच्या मनात तुझ्याबद्दल काहीतरी आहे', असं आपण लहान मुलींना पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. वर्गात वेणी ओढणाऱ्या मुलाबद्दलही हेच सांगितलं जायचं. ते थांबवायला आत्ता कुठे सुरुवात झाली आहे. तर मग तीच शिकवण ड्रॅगनवर बसवून परत का आणायची?

साळुंकी

उत्तररात्र, तुमची शंका रास्त आहे आणि मला ती टाळायची नाही. जरा विचार करून उत्तर देते.

अर्धविराम

मी मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा धागा बघून हात शिवशिवले.

१९६५ साली इलियट अ‍ॅरन्सन आणि डार्विन लिंडर यांनी एक सुंदर प्रयोग केला. विद्यार्थिनींना, दुसरी एक मुलगी आपल्याबद्दल काय बोलते ते जणू चुकून कानावर पडावं, अशी योजना होती. हे बोलणं पुन्हा पुन्हा कानावर येत राहायचं. काहींना पहिल्यापासून शेवटपर्यंत स्तुती ऐकू आली, काहींना सतत निंदा. काहींना आधी निंदा आणि मग हळूहळू स्तुती, आणि उरलेल्यांना त्याच्या उलट. शेवटी विचारलं, ती मुलगी तुम्हाला किती आवडली? उणे १० ते अधिक १० या मापावर सतत स्तुती करणारीला सरासरी ६.४२ गुण मिळाले. आधी निंदा करून मग मत बदलणारीला ७.६७.

म्हणजे पहिल्यापासून चांगलं बोलणारीपेक्षा जिचं मत आपण बदललं, ती जास्त आवडली. सरसकट चांगलं बोलणाऱ्याची स्तुती म्हणजे त्याचा स्वभावच असू शकतो. जो आधी नावं ठेवत होता त्याची स्तुती मात्र आपल्यालाच बघून झालेली असते. ती कमावलेली वाटते.

याची दुसरी बाजूही बघा. आधी स्तुती करून मग निंदेवर उतरलेली मुलगी सगळ्यात नावडती ठरली : ०.८७. पहिल्यापासून निंदा करणारीलाही २.५२ मिळाले होते. या कादंबऱ्यांत तीन चतुर्थांश पुस्तक झाल्यावर जो विश्वासघात येतो तो वैरापेक्षा जास्त का बोचतो, याचं उत्तर मला त्या आकड्यात दिसतं.

बाकी धोका, उंच कडा, मागे लागलेलं सैन्य वगैरेंचं कामही उघड आहे. १९७४ मध्ये डटन आणि अ‍ॅरन यांनी कॅनडातल्या कॅपिलानो झुलत्या पुलावर केलेला प्रयोग अनेकांनी ऐकला असेल. हलणाऱ्या पुलावर भेटलेल्या मुलाखतकार तरुणीला नंतर फोन करणारे पुरुष, भक्कम पुलावर भेटलेल्यांपेक्षा बरेच जास्त निघाले. भीतीनं वाढलेली धडधड आपण समोरच्या माणसाच्या खात्यावर टाकतो. फँटसीत तर प्रत्येक पूल झुलताच असतो.

मोरपीस

'ती कमावलेली वाटते.' हे फार आवडलं. म्हणूनच ज्या पुस्तकात तो पन्नासाव्या पानावरच वितळतो ते मला फसवणूक केल्यासारखं वाटतं.

कोरा कागद

माझी तक्रार नेमकी तीच आहे आणि मी ती बरेच दिवस मनात धरून आहे. ही वैरं खरी नसतात!

मुखपृष्ठावर 'हाडवैरी' म्हणून जाहिरात करतात आणि आत बघावं तर दोघांत एक गैरसमज असतो, तोही एका चिठ्ठीनं मिटणारा. किंवा तो फक्त तुसडा असतो. तुसडा माणूस म्हणजे शत्रू नव्हे. शाळेच्या शर्यतीत पहिला कोण येणार यावरून चुरस असेल तर ते प्रतिस्पर्धी. वैरी म्हणायचं तर एकाचं जिंकणं हे दुसऱ्याचं खरोखर काहीतरी हिरावून घेणारं हवं : माणूस, जमीन, दिलेला शब्द.

आणि मला वाटतं हा प्रकार फँटसीत इतका फुलतो तो याचसाठी. आजच्या काळातल्या कादंबरीत दोन माणसांत असं किती मोठं वैर आणता येईल? कचेरीतली एक बढती, फार तर एखादा कोर्टातला दावा. त्यापुढे गेलात तर वाचक म्हणणार, पोलिसात जा. फँटसीत दोन कुळांचं रक्तवैर असू शकतं. तिच्या आईला त्याच्या बापानं मारलेलं असू शकतं. शपथ मोडली तर जीव जाईल असा मंत्र असू शकतो, आणि मग 'मी तुला मारणार नाही' या साध्या वाक्याचं वजन काही मणांचं होतं. जादूमुळे आतली गोष्ट बाहेर दिसते. दोघांच्या मनांना जोडणारा बंध बसतो आणि खोटं बोलायची सोयच संपते. बाहेर एकमेकांवर तलवारी उगारलेल्या आणि आत एकमेकांची भीती जशीच्या तशी ऐकू येतेय, हे दुसऱ्या कुठल्या प्रकारात जमणार?

म्हणून जग नीट रचलेलं नसेल तर प्रेमही लटकं पडतं. युद्ध कशावरून चाललंय हे लेखिकेलाच माहीत नसेल, तर वैर सोडताना त्या दोघांनी सोडलं काय?

शब्दवेल

इथे मला आपल्या भाषेबद्दल काहीतरी सांगायचंय. मी अनुवाद करते. गेल्या वर्षी याच धाटणीच्या एका इंग्रजी कादंबरीचा मराठी अनुवाद करून बघितला, हौसेनं, छापण्यासाठी नाही.

पहिल्याच संवादाला अडले. इंग्रजीत दोघं एकमेकांना पहिल्यापासून शेवटपर्यंत 'यू' म्हणतात. मराठीत मला ठरवावं लागलं, ते एकमेकांना काय म्हणतात? आपण, तुम्ही की तू?

आणि मग लक्षात आलं की इंग्रजी लेखिकेला जे साधायला पानंच्या पानं खर्ची घालावी लागतात, ते आपल्याला एका सर्वनामात मिळतं. 'एकेरीवर येणं' हा आपला वाक्प्रचार बघा. भांडण विकोपाला गेलं, मर्यादा सुटली की आपण म्हणतो, तो एकेरीवर आला. आणि माणूस जवळचा झाला, लाडका झाला, तरी एकेरीवरच येतो. देवाला तू, आईला तू, जिवलगाला तू, आणि ज्याच्या अंगावर धावून जायचंय त्यालाही तू. अपमान आणि जवळीक दोन्ही एकाच दारातून आत येतात.

तर मी असं केलं. दरबारात दोघंही एकमेकांना 'आपण' म्हणतात, इतकं थंड की ऐकणाऱ्याला हुडहुडी भरावी. पहिल्या द्वंद्वात तो एकेरीवर येतो : 'तू इथून जिवंत जाणार नाहीस.' ती मात्र बराच काळ 'तुम्ही' सोडत नाही, कारण तुम्ही म्हणत राहणं हीच तिची ढाल आहे. तिनं 'तू' म्हटलं की ती हरली, हे तिला कळतं, त्याला कळतं आणि तोवर वाचकालाही कळलेलं असतं. अनुवादाच्या दोनशे सत्तराव्या पानापर्यंत मी तो शब्द तिच्या तोंडात येऊ दिला नाही. तिथे तो आला तेव्हा मूळ इंग्रजीत त्या जागी काहीच विशेष घडत नव्हतं. एक साधं वाक्य होतं, 'तू भिजलास.' लिहिताना माझा हात थांबला.

शीर्षकातला छत्तीसचा आकडाही तसाच. ३६ लिहून बघा, तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. तेच दोन आकडे जागा बदलून ६३ लिहा, तोंडं समोरासमोर. आकडे तेच, वळण तेच. या सगळ्या प्रकाराला आपल्याकडे नाव नाही म्हणतात, पण चित्र तर आपल्या अंकांतच काढून ठेवलंय.

मोरपीस

शब्दवेल 'तू भिजलास' वर मी पाच मिनिटं थांबले. तो अनुवाद कृपा करून पूर्ण करा.

अर्धविराम

अनुमोदन. ढालीचा मुद्दा अगदी अचूक.

निंबोणी

एरवी मी फक्त वाचते, लिहीत नाही. उत्तररात्र यांच्या प्रतिसादानंतर लिहावंसं वाटलं.

मी अकरा वर्षं अशा लग्नात होते जिथे घरात पाऊल वाजलं की पोटात गोळा यायचा. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. बाहेर पडल्यावर दोनेक वर्षांनी एका मैत्रिणीनं असं एक पुस्तक दिलं. वीस पानांवर मी ते ठेवून दिलं, हात थरथरत होते. पण नंतर परत उचललं आणि पूर्ण वाचलं, आणि त्यानंतर असली पुस्तकं मी मागवून मागवून वाचली.

तेव्हा कळलं नव्हतं का, आता थोडं कळतं. माझ्या घरात जे होतं ते वैर नव्हतंच. वैरात समोरच्याला आपली ताकद माहीत असते, तो आपल्याला मोजतो. माझ्या घरात मला कुणी मोजतच नव्हतं. मी भिंत होते. आणि ते सगळं 'प्रेम' या नावानं चालायचं, हे सगळ्यात भयंकर. या पुस्तकांत तो उघड सांगतो की मी तुझा शत्रू आहे. नाव खरं असतं. तिच्याही हातात तलवार असते. ती त्याला जखमी करू शकते आणि करतेही, आणि त्यासाठी पुस्तकात तिला कुणी शिक्षा देत नाही. रागावलेली बाई गोष्टीच्या मध्यभागी उभी आहे आणि तिच्यावर प्रेम करायचं तर त्या रागासकट करावं लागतंय, हे मी त्याआधी कुठे वाचलंच नव्हतं.

वाईट पुस्तकं कुठली ते आता मला पटकन कळतं. त्याच्या आवाजाला ती घाबरते आणि लेखिका त्या भीतीलाच ओढ म्हणते, तिथे मी थांबते. ज्या पुस्तकात तिला निघून जायचा रस्ता खरोखर मोकळा होतो, तोच तो मोकळा करून देतो, आणि ती एकदा खरंच निघून जाते, ते पुस्तक मी जपून ठेवते. माझ्या कपाटात अशी सात आहेत.

पुतणीला वाचू द्या. तिच्याशी बोला फक्त. मला सोळाव्या वर्षी कुणी विचारलं असतं, की हा तिला जाऊ देतो का गं, तर फार बरं झालं असतं.

साळुंकी

निंबोणीताई, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. मी उत्तररात्रना जे सांगायला शब्द शोधत होते ते तुम्ही स्वतःच्या आयुष्यातून दिलंत.

उत्तररात्र

निंबोणीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'मला कुणी मोजतच नव्हतं' यानंतर माझा आक्षेप मला आहे तसा ठेवता येत नाही.

तरी एक भाग उरतो. तिला त्याने दिलेला त्रास तिनं माफ केला, तो तिचा हक्क. पण त्यानं जाळलेल्या गावातली माणसं? त्यांच्या वतीनं माफ करायचा अधिकार नायिकेला कुणी दिला? या कादंबऱ्यांत मेलेली माणसं नायकाच्या दुःखाला पार्श्वभूमी म्हणून येतात आणि लग्नाच्या प्रकरणात त्यांची आठवण कुणालाच नसते.

कोरा कागद

हा प्रश्न मला या धाग्यातला सगळ्यात मोलाचा वाटतो.

चांगल्या लेखिका याला बगल देत नाहीत. मी वाचलेल्या एका मालिकेत नायिकेची लहानपणची मैत्रीण त्या युद्धात मेलेली असते आणि मैत्रिणीची आई जिवंत असते. दुसऱ्या भागात ती आई समोर येते. नायक गुडघ्यावर बसतो, ती त्याला माफ करत नाही. पुढेही करत नाही. तिसऱ्या भागात शेवटी तिच्या शेतावर तो एक पूर्ण हंगाम राबतो आणि ती त्याच्याशी एक शब्द बोलत नाही. नायिकेचं प्रेम आणि त्या आईचा नकार, दोन्ही पुस्तकात शेजारी शेजारी राहतात, एकानं दुसऱ्याला पुसून टाकलं नाही. मला तो हंगाम त्या दोघांच्या पहिल्या चुंबनापेक्षा जास्त आठवतो.

हृदयपरिवर्तन म्हणजे नुसतं तिच्याशी गोड वागणं असेल तर तो बदललाच नाही, त्याने फक्त एका माणसाला वगळलं. ज्या बाजूसाठी लढत होता ती बाजू चूक होती हे त्याला कळलं का, आणि कळल्यावर त्याचं काय नुकसान झालं, हे मी बघतो. नुकसान काहीच नसेल तर मी पुस्तक मिटतो.

खडूफळा

उशिरा आले. चर्चा छान चाललीय. मी जुन्याकडे वळते थोडी.

भागवताच्या सातव्या स्कंधाच्या आरंभी युधिष्ठिर नारदांना विचारतो, की आयुष्यभर कृष्णाला शिव्या देणारा शिशुपाल त्याच्यातच कसा विलीन झाला? नारद म्हणतात, मन कशानंही त्याच्या ठायी जडो, प्रेमानं, भयानं, नाहीतर द्वेषानं. गोपी कामानं पोचल्या, कंस भयानं, शिशुपाल द्वेषानं. आणि तिथेच तो भृंग आणि किड्याचा दृष्टान्त येतो : भृंगानं भिंतीतल्या बिळात कोंडलेला किडा भीतीनं आणि रागानं सतत त्याचंच चिंतन करतो आणि शेवटी त्याच्यासारखाच होऊन जातो.

तिथे अर्थातच भक्तीबद्दल चाललंय, कादंबरीच्या प्रेमाशी त्याची सरमिसळ करायची नाही. पण वैर हेही एक अखंड ध्यान आहे, ही जाण तिथे आहे. साळुंकीच्या त्या सेनापतीनं दोन वर्षं तिचंच ध्यान केलं, म्हणून डावा हात त्याला ठाऊक.

संस्कृत साहित्यशास्त्रातही विप्रलंभ (म्हणजे विरहातल्या) शृंगाराचे प्रकार सांगताना पूर्वराग, प्रवास, करुण यांच्या जोडीला 'मान' स्वतंत्र धरलाय. रुसवा, राग हा शृंगाराच्या आड येत नाही, त्याच्या आतच येतो.

पाश्चात्त्य बाजूलाही ही वाट जुनीच. 'ब्यूटी अँड द बीस्ट' फ्रेंचमध्ये मादाम द व्हिलनव्हनं १७४० मध्ये लिहिली, आणि आज आपल्याला माहीत असलेलं छोटं रूप मादाम द बोमाँनं १७५६ मध्ये दिलं. त्यात तो तिला रोज संध्याकाळी लग्नाचं विचारतो आणि ती रोज नाही म्हणते. निंबोणीताईंनी सांगितलेली खूण तिथेही आहे. तो तिला घरी जाऊ देतो, आणि ती परत येते ती स्वतःच्या पायानं.

अर्धविराम

खडूफळा, त्याच वाटेवर जेन ऑस्टिनचं 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) हवंच. ६१ प्रकरणांच्या कादंबरीत नायक डार्सी नायिका एलिझाबेथला पहिल्यांदा मागणी घालतो ती ३४व्या प्रकरणात, आणि सपशेल नकार मिळवतो. निम्म्याहून अधिक पुस्तक झाल्यावर! पुढच्याच प्रकरणात त्याचं पत्र येतं आणि ती ते पुन्हा पुन्हा वाचते. उरलेली सव्वीस प्रकरणं आपलं मत तपासून बघण्यात जातात. त्यालाही स्वतःकडे नव्यानं बघावं लागतं, तिलाही. ड्रॅगन नाहीत, पण सांगाडा तोच.

मोरपीस

एक वेगळाच प्रश्न. पहिल्या पानापासून आपल्याला माहीत असतं की हे दोघं एकत्र येणार. पुस्तकाच्या पाठीवरच छापलेलं असतं! तरी उत्कंठा कशी टिकते?

शब्दवेल

महाभारताचा शेवट माहीत असूनही आपण ते परत वाचतोच की. काय होणार हे ठरलेलं असलं की लक्ष मोकळं होतं, ते मग 'कसं' वर जातं. कुठल्या क्षणी तिचा हात तलवारीवरून उतरतो, ते आपण डोळ्यांत तेल घालून बघतो. फॅनफिक्शनच्या (आवडत्या गोष्टींवर वाचकांनीच लिहिलेल्या कथांच्या) संकेतस्थळांवर लोक 'एनिमीज टू लव्हर्स' हे लेबल लावूनच कथा शोधतात आणि त्याच्या शेजारी हमखास 'स्लो बर्न', म्हणजे हळूहळू पेटत जाणारं प्रेम, असतं. शेवट हातात ठेवून वाट बघण्याचा आनंद.

आणि निंबोणीताईंसारख्या वाचकाला तो शेवट आधी माहीत असणं हा आधारही असेल. कितीही अंधार आला तरी पुस्तक आपल्याला मध्येच सोडून देणार नाही.

निंबोणी

हो. मी शेवटचं पान आधी वाचते. नेहमी.

साळुंकी

उत्तररात्र, तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर देते, विचार करायला दोन दिवस लागले.

वेणी ओढणाऱ्या मुलाबद्दल जे सांगितलं जायचं त्यात मुलीला गप्प बसायला सांगितलेलं असायचं. सोस, कारण ते प्रेम आहे. मला आवडणाऱ्या पुस्तकांत ती सोसत नाही. ती त्याला ओळखते आणि तो तिला. आपल्या माणसांसमोर आपण चांगलं दिसायला धडपडतो, कारण ती दूर जाण्याची भीती असते. वैऱ्यासमोर ती भीतीच नसते. माझ्यातलं दुष्ट, हट्टी, भित्रं, सूड घ्यायला निघालेलं असं सगळं त्यानं आधीच बघितलंय, आणि बघून नावं ठेवून झालंय. आता त्यानंतर जर तो म्हणाला की तू हवीस, तर त्याच्यापासून लपवायला काही उरलेलंच नसतं. मला वाटतं मी त्या एका शक्यतेसाठी वाचते. पूर्ण बघितलं जाऊनही हवंसं असणं.

तुमच्या मेलेल्या माणसांच्या प्रश्नाला मात्र मी वाचलेल्या पुस्तकात उत्तर नाही. गढीनंतर ज्या गावातून ते जातात त्या गावाचं नावसुद्धा लेखिकेनं दिलेलं नाही. तुम्ही लिहिल्यावर मागे जाऊन शोधलं. ही त्या पुस्तकातली उणीव आहे.

उत्तररात्र

मागे जाऊन शोधलंत, यातच मला खूप मिळालं. पुतणीला हा धागा दाखवला. ती म्हणाली, शेतावर राबणाऱ्या नायकाचं पुस्तक हवंय. कोरा कागद, नाव व्यक्तिगत निरोपातून कळवाल का?

कोरा कागद

कळवलंय. पहिला भाग जरा रेंगाळतो, तिला सांगा की साठाव्या पानापर्यंत धीर धर.

शब्दवेल

साळुंकी, तुमचं ते गढीचं पान डोक्यातून जात नाही. मराठीत करून बघत होते. 'सुरी उजव्या हातात घे' इथे तो एकेरीत बोलतो हे तुम्ही सहज लिहून गेलात आणि ते बरोबरच आहे, दोन वर्षं अंगावर वार झेलल्यावर 'घ्या' कुठलं येणार. पण ती त्यावर काय म्हणते? 'तुम्ही गप्प बसा' की 'तू गप्प बस'? तुम्ही पुस्तक पूर्ण वाचलंय, तुम्हीच सांगा.

साळुंकी

तिथे 'तुम्ही गप्प बसा'. नक्की.

'तू' अजून बारा पानं पुढे आहे. बाण निघालाय, ताप उतरलाय, तो भिंतीला टेकून झोपलाय. ती बाहेर जाऊन वादळ थांबलं का ते बघून येते, आता ती जाऊ शकते. परत येऊन शेकोटीत शेवटचं लाकूड सरकवते आणि त्याच्याकडे न बघता म्हणते, 'उद्या तुला मारेन.'

तो जागा आहे, हे आपल्याला पुढच्या प्रकरणात कळतं.